कालवांच्या जागा कोणाला दाखवायच्या?

मुंबईतील एका संशोधन संस्थेने सुमारे पंधरा वर्षांपूर्वी सिंधुदुर्गातील एका खाडीकाठी पाहणी केली होती. ओहोटीच्या वेळी खाडीत उतरून कालवे, मुळे, तिसऱ्या आणि खुबे हे शिंपल्यांतले जीव काढणाऱ्या स्त्रियांचे उत्पन्न, कामाच्या वेळा, जागा आणि विक्री हा त्या पाहणीचा विषय होता. दोनशेच्या आसपास कुटुंबांचे भरलेले अर्ज, मुलाखतींची ध्वनिमुद्रणे, थोडी छायाचित्रे आणि हातातल्या जीपीएस यंत्रावर घेतलेल्या जागांच्या नोंदी एवढा ऐवज प्रकल्प संपल्यावर कपाटात गेला. एक अहवाल आणि काही शोधनिबंध निघाले, त्यांतला एकही गावात पोहोचला नाही. पुढे अनुदान देणाऱ्यांनी जुन्या प्रकल्पांची माहितीही खुल्या संग्रहात ठेवावी अशी अट घातली, तेव्हा ते कपाट उघडून माहितीसंच तयार करण्याचे काम कंत्राटी पद्धतीने माझ्याकडे आले. मी त्याच तालुक्यातली, घरी मालवणी बोलणारी आणि संगणकावर तक्ते हाताळू शकणारी. संस्थेला एवढी पात्रता पुरेशी वाटली. खाडीचे नाव मी येथे देणार नाही, आणि त्याचे कारण लेखातच सापडेल.

या कामाला संस्थेत सगळे ‘डेटा साफ करणे’ म्हणत. मला मिळालेल्या सूचना एका पानात मावत होत्या: शब्दांची रूपे एकसारखी करावीत, रिकामे रकाने ठरलेल्या आकड्याने भरावेत, नावे काढून टाकावीत, वजनमापे किलोत आणावीत आणि फाइल संग्रहात चढवावी. सूचनांच्या तळाशी ‘फेअर’ तत्त्वांचा उल्लेख होता. माहिती शोधता यावी, मिळवता यावी, इतर माहितीशी जोडता यावी आणि पुन्हा वापरता यावी, अशी ही 2016 मध्ये मांडलेली चार तत्त्वे आज बहुतेक संग्रह मानतात. त्यांत चुकीचे काही नाही. मात्र ती चारही माहिती वापरणाऱ्याच्या बाजूने विचार करतात. जिच्याविषयी ती माहिती आहे त्या बाईचा प्रश्न त्यांत येत नाही. नैतिकता समितीचे मंजुरीपत्रही फाइलमध्ये होते, परंतु ते पहिला अर्ज भरला जाण्यापूर्वीचे होते. समितीने कोरा अर्ज पाहून मंजुरी दिली होती. भरलेला अर्ज तिच्यातील कोणी कधी पाहिला असेल असे कागदपत्रांवरून दिसत नव्हते. पुढे जे काही ठरले ते टेबलाशी बसून रकाने सरळ करणाऱ्या माणसाने ठरवले, आणि तसे ठरवण्याचा अधिकार त्याला कोणी दिला आहे की नाही हे कोणी विचारलेही नव्हते.

पहिला पेच अर्जाच्या पहिल्याच ओळीत होता. तेथे कुटुंबप्रमुखाचे नाव, वय आणि व्यवसाय विचारला होता. पाहणी स्त्रियांची असली तरी त्या ओळीत बहुतेक ठिकाणी नवऱ्याचे, सासऱ्याचे किंवा मुंबईला असलेल्या मुलाचे नाव होते. बोलणारी बाई तिसऱ्या पानावर ‘माहिती देणारी व्यक्ती: पत्नी’ एवढ्याच रूपात येत होती. ज्याने पूर्वी हे अर्ज एक्सेलमध्ये भरले त्याने पहिले पान प्रमाण मानले, त्यामुळे तक्त्यात कुटुंबाचा व्यवसाय ‘मुंबईत नोकरी’ आणि खाडीतील कमाई ‘पूरक उत्पन्न’ अशी पडली होती. प्रत्यक्षात मुलाखती ऐकल्या तर कित्येक घरांत मुंबईहून पैसे गणपतीला आणि मे महिन्यात येत. उरलेले वर्ष मुळ्यांच्या वाट्यांवर निघे. जुना रकाना पुसून टाकणे सोपे होते, पण मी तो ठेवला. प्रश्न असा विचारला गेला होता, हीसुद्धा त्या संशोधनाविषयीची माहिती आहे. त्याच्या शेजारी मुख्य माहिती देणाऱ्या व्यक्तीचा नवा रकाना केला, तिचे काम तिच्या नावावर मांडले, आणि प्रत्येक बदल कशावरून केला हे वेगळ्या नोंदीत लिहिले. बंदरावर उतरणारी मासळी मोजली जाते. खाडीतून हाताने काढून वाटेवर, दारोदार किंवा आठवड्याच्या बाजारात विकलेले मुळे बंदरावर येतच नाहीत. मच्छीमार सोसायटीच्या यादीतही यांतल्या फार थोड्या स्त्रिया होत्या. अशा वेळी या एका तक्त्यात तरी त्या दिसाव्यात एवढाच माझा आग्रह होता, आणि संस्थेने तो फारशी कुरकुर न करता मानला.

खरा वाद 99 या आकड्यावरून झाला. जुन्या तक्त्यात जेथे उत्तर नाही तेथे 99 टाकलेले होते. मूळ कागद काढून पाहिले तेव्हा त्या एका आकड्याखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या दिसल्या: प्रश्न विचारलाच नाही, बाईला ठाऊक नव्हते, आणि बाईने सांगितले नाही. ‘तुम्ही मुळे कोठे काढता?’ या प्रश्नापुढे एका अर्जावर निळ्या शाईत ‘सांगत नाही’ असे लिहून नंतर ते खोडले होते आणि वर ‘असहकार’ असा शेरा मारला होता. तिन्ही प्रकार वेगळे करून पुन्हा भरल्यावर एक चित्र उभे राहिले. नकार सगळीकडे विखुरलेले नव्हते. ते मुख्यतः एकाच वाडीतले होते, आणि त्या वाडीसमोरच्या पात्रात त्या काळी वाळूचा उपसा जोरात चालू होता. सक्शन पंप फिरला की तळ खरवडला जातो आणि मुळे ज्या थरात वाढतात तो थरच निघून जातो. आपली जागा सांगण्यात कोणता धोका आहे याचा या बायकांनी नीट विचार केला होता. पाहणीच्या भाषेत त्या विचाराचे नाव ‘माहिती उपलब्ध नाही’ असे झाले होते.

आणि तरीही त्या जागा संग्रहात होत्या. जीपीएसची फाइल उघडली तेव्हा नकार देणाऱ्या वाडीच्या समोरही बिंदूंची रांग दिसली. जीपीएस घेऊन आलेला तरुण ओहोटीला काठावर उभा राहिला असावा, किंवा मागोमाग पाण्यात उतरला असावा. बाईने तोंडाने जे सांगितले नाही ते त्याच्या यंत्राने टिपून घेतले. दशांश चिन्हानंतर पाच आकडे, म्हणजे सुमारे एक मीटरपर्यंतची नेमकी नोंद. नागरी वापराच्या जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकेने मे 2000 मध्ये काढून टाकली, तेव्हापासून असे साधे हातातले यंत्रही काही मीटरांत जागा दाखवते. खडकावरच्या कालवांच्या एखाद्या पट्ट्यासाठी तेवढे पुरेसे आहे. मी संस्थेला विचारले, तेव्हा उत्तर आले की खाडी सार्वजनिक आहे आणि सार्वजनिक जागेची नोंद घेण्यास परवानगी लागत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते कदाचित बरोबरही असेल. पण मुळे चिखलाखाली असतात, ते पायाने चाचपून, वर्षानुवर्षे त्याच पाण्यात वावरून सापडतात. यंत्राने जी जागा टिपली ती त्या पायांनी शोधलेली होती. खाडी सार्वजनिक असली तरी ती ओळख सार्वजनिक नव्हती.

दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या बाबतीत संग्रहांनी यावर एक उपाय काढलेला आहे. शिकारीचा किंवा तस्करीचा धोका असेल तर नेमकी जागा न देता दशांश चिन्हानंतरचे आकडे कमी करतात, म्हणजे जागा मुद्दाम पुसट होते. मी तसे करून पाहिले. एकच दशांश स्थळ ठेवले तर अक्षांशात सुमारे 11 किलोमीटरचा पट्टा होतो, त्यात खाडीबरोबर डोंगर, सडा म्हणजे कातळाचे पठार आणि शेजारचे गावही येते आणि नोंद निरुपयोगी ठरते. दोन स्थळे ठेवली तर पट्टा सुमारे 1.1 किलोमीटरचा होतो. पण खाडी अरुंद असल्याने त्या चौकोनात पाण्याचा भाग इतका थोडा येतो की माहीतगार माणूस बोट ठेवून जागा दाखवील. मासे, पक्षी यांच्यासाठी तयार केलेला नियम खाडीतल्या बायकांच्या कामाला लागू पडत नव्हता.

सगळे झाकून ठेवावे असेही मला वाटत नव्हते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील कातळशिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. सड्यावरचे चित्र जगाला ठाऊक असले तर तेथे चिरेखाण काढणे अवघड होते. त्यांच्यासाठी जाहीर होणे हेच बऱ्याच अंशी संरक्षण आहे. खाडीच्या बाबतीतही हा मुद्दा अगदीच गैरलागू नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या 2011 आणि 2019 च्या अधिसूचनांनुसार किनारा व्यवस्थापनाचे नकाशे तयार होतात आणि त्यांत मासेमारीची क्षेत्रे दाखवणे अपेक्षित असते. ज्या पाण्यात कोणी काही काढते असे कोठेच लिहिलेले नाही ते पाणी नकाशात रिकामे दिसते, आणि रिकाम्या पाण्यात जेटी किंवा गाळउपसा आखताना कोणाला अडखळायला होत नाही. उघडले तर वाळूवाल्याला पत्ता मिळतो, झाकले तर नकाशाला बाई मिळत नाही. हा निर्णय मुंबईतल्या कार्यालयात घेण्यासारखा नव्हता, आणि माझ्या टेबलावर तर मुळीच नव्हता.

म्हणून गावात विचारायचे ठरले. संस्थेच्या रीतीप्रमाणे आधी सरपंच आणि सोसायटीचे अध्यक्ष यांची भेट झाली. चहा संपण्यापूर्वीच दोघांनी होकार दिला. गावाचे नाव होईल, असे त्यांचे म्हणणे होते. संस्थेतील वरिष्ठांना तेवढ्यावर विषय संपला असे वाटले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे आरोग्यविषयक संशोधनासाठी आहेत, आमच्या पाहणीला ती बंधनकारक नव्हती. तरी समाजाच्या प्रमुखाची परवानगी ही व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, हे त्यांतले सूत्र मी पत्रात लिहून पाठवले आणि स्त्रियांची वेगळी बैठक मागितली. ती शाळेच्या पडवीत झाली, तीही ओहोटी आणि बाजार दोन्ही आटोपल्यावर, कारण त्यापूर्वी कोणी येण्यासारखे नव्हते.

मी जुने संमतीपत्र मोठ्याने वाचून दाखवले. काहींच्या सह्या होत्या, काहींचे अंगठे. ‘ही माहिती केवळ संशोधनासाठी वापरली जाईल’ असे त्यात एक वाक्य होते. एका वयस्क काकींनी विचारले, “उद्या वाळूवालो इलो आणि म्हणालो, मी संशोधन करतंय, तर?” पडवीत हशा पिकला, पण त्या हसल्या नाहीत. खाजगी कंपनीसाठी पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल तयार करणारा सल्लागार संशोधन करतो की नाही, या प्रश्नाचे सरळ उत्तर त्या संमतीपत्रात नव्हते आणि संस्थेकडेही नव्हते. दुसऱ्या एकीचे म्हणणे अगदी उलट होते. जेटीच्या सुनावणीत आपण बोलायला उभ्या राहिलो तेव्हा ‘तुमची नोंद कोठे आहे?’ असे आपल्याला विचारले गेले, त्यामुळे जे आहे ते सगळे दाखवा, असे ती म्हणाली. तिसरीने मुद्द्याचे विचारले, “मॅडमांनू, ह्यातसून आमका काय मेळतला?” मी पैशाचे काही नाही असे सांगितले, तेव्हा तिने मान हलवली आणि निदान बाकीच्यांना तरी आमच्या जिवावर काही मिळू नये, अशा अर्थाचे काही पुटपुटली.

नावे काढली आहेत असे मी सांगितले तेव्हा कोणाचे समाधान झाले नाही, आणि ते रास्तच होते. अमेरिकेत माहितीच्या गोपनीयतेवर काम करणाऱ्या संशोधक लटान्या स्वीनी यांनी दाखवून दिले होते की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून तेथील सुमारे 87 टक्के लोक ओळखता येऊ शकतात. वीस घरांच्या वाडीत तीन गोष्टीही लागत नाहीत. ‘विधवा, वय साठच्या पुढे, दोन मुलगे मुंबईत, घर खाडीच्या टोकाला’ एवढे वाचले की शेजारीण नाव सांगते. आमच्या सूचनापत्रात धोका दूरच्या अनोळखी वाचकाचा धरला होता. या बायकांना भीती होती ती जावेची, नवऱ्याची, तलाठ्याची आणि रेशन दुकानाची. पिवळ्या शिधापत्रिकेसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 15,000 रुपये आहे. एका हंगामातील मुळ्यांच्या विक्रीचे आकडे जोडले तर कित्येक घरे त्या मर्यादेपलीकडे जातात, आणि बायकांनी ते आकडे पाहणी करणाऱ्या मुलीला विश्वासाने सांगितले होते. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी 2023 मध्ये झालेल्या कायद्यात संशोधन आणि अभिलेखनासाठी सवलत आहे. ती मिळण्यासाठी त्या माहितीवरून त्या व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घेतला जाता कामा नये, अशी एक अट आहे. ही अट चांगली आहे, पण फाइल खुली झाल्यावर ती कोणी कशी पाळून घ्यायची हे मला कोणी सांगू शकले नाही. उत्पन्न मग रुंद गटांत मांडले आणि वाडीचा रकाना खुल्या तक्त्यातून काढला.

जातीच्या रकान्याने अधिक दमवले. तो ठेवला तर ओळख पटणे सोपे होते. काढला तर खाडीत उतरणाऱ्या स्त्रियांमध्ये जमीन नसलेल्या घरांचे आणि ठरावीक समाजांचे प्रमाण किती हे कोणालाच दाखवता येणार नाही, आणि गरिबीचे कारण गायब होऊन फक्त गरिबी उरेल. संस्थेतील एका ज्येष्ठांना तो ‘नको तो वाद’ वाटत होता. तो रकाना मर्यादित प्रवेशाच्या फाइलमध्ये गेला, आणि तो का हलवला हे खुल्या फाइलच्या वर्णनात लिहिले. वर्णनात लिहिले नसते तर पुढच्या वाचकाला जात विचारलीच नव्हती असे वाटले असते.

श्रेयाचाही एक छोटा प्रसंग झाला. संग्रहाच्या नोंदपत्रात ‘निर्माते’ म्हणून प्रकल्पातील दोन प्राध्यापकांची नावे आधीच भरलेली होती. अर्ज मात्र गावातल्याच मुलींनी भरले होते, दिवसाला ठरावीक मजुरीवर. माहितीसंचांना कायमचे क्रमांक देणाऱ्या डेटासाइट या संस्थेच्या नोंदपद्धतीत ‘माहिती गोळा करणारा’ अशी सहभागाची वेगळी जागा आहे, म्हणजे सोय नव्हती असे कोणी म्हणू शकत नव्हते. मी त्या मुलींना गाठले. आता त्यांची लग्ने झालेली. एकीने आनंदाने नाव दिले आणि त्याची छापील प्रत मागितली. दुसरीने नको म्हटले, कारण तिचे सासर त्याच वाडीत आहे आणि कोणाचे आकडे कोणी लिहून नेले हे तिला तेथे उगाळायचे नव्हते. एकाच श्रेयाचे दोघींसाठी इतके वेगळे मोल असेल, हे नोंदपत्राच्या रचनेत बसत नाही. जागा एकच असते, भरा किंवा सोडा.

शेवटी झालेली व्यवस्था अशी. गटवार तक्ते सर्वांसाठी खुले. सविस्तर अर्ज आणि ध्वनिमुद्रणे मर्यादित प्रवेशात, आणि आवाजांच्या प्रती आधी ज्यांच्या त्यांच्या घरी. काही स्त्रिया दरम्यान गेल्या होत्या, तेथे त्या मुलांना दिल्या. ज्यांनी नकार दिला होता त्या वाडीसमोरचे बिंदू संग्रहात ठेवलेच नाहीत. ते संस्थेच्या संगणकावरूनही पुसावेत अशी स्त्रियांची मागणी होती; मूळ माहिती नष्ट करणे संशोधनाच्या शिस्तीत बसत नाही, असे कारण देऊन संस्थेने ती नाकारली. तो नकार मला आजही पटलेला नाही, कारण ती मूळ माहिती मुळातच नकार ओलांडून घेतलेली होती. मर्यादित फाइल कोणाला द्यायची हे ठरवण्यासाठी संस्थेने तीन प्राध्यापकांची समिती सुचवली होती. तेथे मी ‘केअर’ तत्त्वे पुढे केली. ती 2019 मध्ये मूळनिवासी समाजांच्या माहितीसाठी मांडली गेली आणि त्यांत सामूहिक हित, नियंत्रणाचा अधिकार, जबाबदारी आणि नैतिकता यांना स्थान आहे. खाडीकाठच्या या स्त्रिया त्या अर्थाने मूळनिवासी नाहीत आणि ती तत्त्वे जशीच्या तशी येथे लावता येत नाहीत, हे मला मान्य होते. परंतु नियंत्रणाचा अधिकार ही गोष्ट मागण्यासाठी समोरच्याला ओळखीचा असा कागद लागतो, आणि तो कागद कामी आला. बराच पत्रव्यवहार झाल्यावर वाडीतल्या दोन स्त्रिया आणि संस्थेचा एक प्रतिनिधी अशी समिती झाली.

पहिलीच विनंती एका सल्लागार कंपनीकडून आली. उद्देशाच्या रकान्यात ‘शैक्षणिक’ असे लिहिलेले होते. समितीतल्या बायकांनी एकच प्रश्न परत पाठवला, की या अभ्यासाचा खर्च कोण करते. त्याला उत्तर आले नाही आणि मुदत संपल्यावर विनंती आपोआप रद्द झाली. दुसरी विनंती एका विद्यार्थिनीची होती. ती स्वतः येऊन पडवीत बसली, काय लिहिणार ते तिने सांगितले आणि लिहून झाल्यावर वाचून दाखवण्याचे कबूल केले. तिला मुलाखती मिळाल्या, जागा मिळाल्या नाहीत.

माझे कंत्राट संपले तेव्हा संपर्काचा ईमेल कोणाचा ठेवायचा हा प्रश्न उरला होता, कारण तोवर तेथे माझाच पत्ता होता, आणि ज्याच्या पत्त्यावर विनंती येते तोच ती आधी पाहतो. संस्थेने आपले कार्यालय सुचवले. समितीतल्या स्त्रियांना ते नको होते, पण त्यांच्यापैकी कोणी ईमेल वापरत नाही. आता गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा पत्ता दिलेला आहे. ग्रंथपाल मेल उघडून त्याची छापील प्रत बैठकीत ठेवतात. संस्थेला हा मार्ग फार संथ वाटतो, आणि पावसाळ्यात लावणीमुळे बैठक भरतच नाही, त्यामुळे जून-जुलैमध्ये आलेल्या विनंत्या गणपती होईपर्यंत थांबतात. संग्रहाच्या पानावर तसे स्पष्ट लिहिलेले आहे.